क्लास मोफत, सर्टिफिकेटही मिळालं. पण घरात पैसा वाढला का? रोजगार प्रशिक्षण जोखायचं कसं, समजून घ्या

गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो. 'मोफत प्रशिक्षण. राहणं-जेवण मोफत. सरकारी सर्टिफिकेट. १०० टक्के नोकरीची हमी. आधार कार्ड घेऊन या.' खाली मोबाईल नंबर. ज्याच्याकडे दोन एकर कोरडवाहू आहे आणि उन्हाळ्यात हाताला काम नाही, त्याला वाटतं, जाऊन तर बघू. घरातली सून शिवणकाम शिकायचं म्हणते, तिच्यासाठीही असाच एखादा मेसेज येतो.

तसं वाटण्यात काही चूक नाही. नीट शिकून, चांगल्या जागी लागून घर सावरलेली माणसं असतात. पण तीन महिने क्लास करून, सर्टिफिकेट पिशवीत घालून पुन्हा कापूस वेचायला आलेलीही असतात. सरकारी यादीत दोघांचीही नोंद 'प्रशिक्षित' अशीच होते. मग कोणता क्लास कामाचा आणि कोणता नुसता कागदाचा, हे जाण्याआधी ओळखायचं कसं?

फी नाही, पण खर्च आहे

कॉलेजच्या पोराने तीन महिने क्लास केला तर त्याचं फारसं बुडत नाही. पण तिशी-पस्तिशीतल्या माणसाचं तसं नसतं. त्याच्या मागे घर असतं, उसनवारी असते, बचत गटाचा हप्ता असतो. तीन महिने क्लासला जायचं म्हणजे तीन महिन्यांची मजुरी सोडायची. बाईमाणसाला तर लेकरं कोणाकडे ठेवायची, हा पहिला प्रश्न. म्हणजे 'मोफत' क्लासची किंमत घर भरतंच, फक्त ती पावतीवर दिसत नाही.

म्हणूनच क्लास चांगला की वाईट हे ठरवताना भिंतीवरचं बॅनर, कॉम्प्युटरची संख्या, उद्घाटनाचे फोटो यांना फारसा अर्थ नाही. प्रश्न साधा आहे. क्लास केल्यावर वर्षभराने घरात पूर्वीपेक्षा जास्त पैसा येतो का? आणि तो क्लासमुळेच येतो का?

प्लेसमेंटचा आकडा कसा तयार होतो

क्लासवाले सांगतात, 'आमचं प्लेसमेंट ७० टक्के.' ऐकायला भारी वाटतं. पण हा टक्का कशाचा, ते विचारावं लागतं.

समजा १०० जणांनी नाव नोंदवलं. त्यातले ३० मध्येच सोडून गेले. उरलेल्या ७० पैकी ६० परीक्षा पास झाले. ६० पैकी ४२ जणांना नोकरीचं पत्र मिळालं. क्लासवाला ६० पैकी ४२ असा हिशोब धरतो, म्हणजे ७० टक्के. पण नाव नोंदवलेल्या १०० पैकी बघितलं तर ४२ टक्केच. त्या ४२ पैकी समजा २० जण पहिल्या दोन महिन्यांतच गावाकडे परत आले. मग शेवटी नोकरीत टिकले २२. सत्तर, बेचाळीस आणि बावीस हे तिन्ही आकडे एकाच बॅचचे आणि तिन्ही खरे. जाहिरातीत मात्र पहिलाच छापला जातो.

केंद्राची दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ मध्ये सुरू झाली. ग्रामीण गरीब कुटुंबातल्या १५ ते ३५ वयाच्या तरुणांसाठी ती आहे. महिला, अपंग आणि काही विशेष गटांसाठी वयाची मर्यादा ४५ पर्यंत आहे. या योजनेच्या मूळ नियमांत प्रशिक्षित उमेदवारांपैकी किमान ७० टक्क्यांना नोकरी लावण्याची अट घातली होती, आणि तीन महिने नोकरीत राहिल्यावरच 'नोकरी लागली' असं धरायचं, असंही म्हटलं होतं. अट चांगलीच. पण चौथ्या महिन्यात काय झालं, हे त्या आकड्यातून कळत नाही.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्या २०१५ ते २०२२ या काळातल्या कारभारावर 'कॅग'चा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. कॅग म्हणजे सरकारी पैशाचा हिशोब तपासणारी घटनात्मक यंत्रणा. अल्पकालीन प्रशिक्षणातून सर्टिफिकेट मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांना नोकरी लागल्याचं त्या अहवालात दिसतं. ९५ लाखांहून जास्त लाभार्थ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ९४ टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याची जागा रिकामी होती किंवा तिथे शून्यं भरलेली होती. एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना लावल्याचेही प्रकार निघाले. ज्याच्या खात्याचा नंबरच नोंदीत नाही, त्याच्या खात्यात पुढे पगार आला का, हे कोण आणि कसं तपासणार?

खताचा पट्टा

समजा आकडा खरा आहे. १०० पैकी ६० जणांना काम मिळालं, वर्षभर टिकलंही. तरी ते क्लासमुळेच मिळालं असं लगेच म्हणता येत नाही. हे शेतकऱ्याला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

दुकानदार नवीन खत देतो. शहाणा शेतकरी ते सगळ्या रानात टाकत नाही. एक पट्टा खताविना ठेवतो. त्या वर्षी पाऊस चांगला झाला तर दोन्हीकडे पीक जोमात येतं. खताचं खरं काम किती, ते दोन पट्ट्यांतल्या फरकावरून कळतं. रिकामा पट्टा ठेवलाच नाही, तर पावसाचं श्रेय खताला जातं.

प्रशिक्षणाचंही तेच आहे. क्लास केलेल्या १०० पैकी ६० जणांना काम मिळालं. आणि त्याच गावांतल्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या पण क्लास न केलेल्या १०० पैकी ५० जणांनाही त्याच काळात काम मिळालं असेल, तर क्लासची खरी कमाई १० जणांची. बाकीच्या ५० जणांना काम एरवीही मिळालंच असतं.

यात आणखी एक मेख आहे. प्लेसमेंटच्या टक्क्यावर पैसे मिळत असतील तर क्लासवाला कोणाला घेईल? बारावी झालेला, मोटरसायकल चालवणारा, शहरात राहायला तयार असलेला पोरगा. त्याला नोकरी लागायला फार त्रास नाही, टक्का छान दिसतो. सातवी शिकलेली, दोन लेकरं असलेली बत्तीस वर्षांची बाई आली तर 'ताई, पुढच्या बॅचला बघू'. पण खरी गरज तिला असते, आणि प्रशिक्षणाने फरकही तिच्याच आयुष्यात जास्त पडू शकतो. म्हणून मोठा टक्का असलेला क्लास चांगलाच असतो असं नाही.

चिठ्ठ्या काढून केलेली पारख

दोन पट्टे सारखे असले तरच तुलना खरी. माणसांच्या बाबतीत सारखे गट करायचे म्हणजे चिठ्ठ्या टाकायच्या. जागा कमी, अर्ज जास्त, तेव्हा नशिबाने ज्याची चिठ्ठी निघाली त्याला क्लास, बाकीच्यांना नाही. मग दोन्ही गटांची कमाई पुढे तपासत राहायची.

अमेरिकेत गरीब प्रौढांसाठीच्या सरकारी प्रशिक्षणाची अशी मोठी पारख झाली. १९८२ च्या कायद्याने सुरू झालेल्या त्या कार्यक्रमात १६ ठिकाणच्या २० हजारांहून जास्त अर्जदारांची अशी विभागणी १९८७ ते १९८९ या काळात केली गेली. प्रौढ स्त्री-पुरुषांची कमाई थोडी वाढली, पण शाळा सोडलेल्या तरुणांच्या गटाला फायदा झाल्याचं दिसलं नाही. पारख झाली नसती तर दोन्ही गटांच्या यशाच्या गोष्टी सारख्याच रंगवून सांगता आल्या असत्या.

विकसनशील देशांतल्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक बँकेचे अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये घेतला. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. १०० जणांना प्रशिक्षणाची संधी दिली, तर ज्यांना एरवी काम मिळालं नसतं असे तिघांपेक्षाही कमी जण त्यामुळे कामाला लागले.

म्हणजे सगळंच वाया, असंही नाही. दिल्लीच्या वस्त्यांमध्ये गरीब महिलांसाठी सहा महिन्यांचा शिवणकामाचा वर्ग चालवून त्याची अशीच पारख झाली. ज्यांना संधी मिळाली त्यांच्यात काम करणाऱ्यांचं प्रमाण दर शंभरी सहाने जास्त निघालं आणि सरासरी मासिक कमाई १५० टक्क्यांनी वाढली. मुळात बहुतेक जणींची कमाई शून्य होती, म्हणून टक्का मोठा दिसतो, हे लक्षात ठेवायचं. पण फायदा दीड वर्षानंतरही टिकून होता. ज्यांना वर्ग पूर्ण करता आला नाही, त्यांच्या आड काय आलं? वर्गाचं घरापासूनचं अंतर, लेकरं सांभाळायला कोणी नसणं आणि पैशाची अडचण. शिकवण्यात खोट असायलाच हवी असं नाही. क्लास दोन किलोमीटर लांब असला तरी काही बायांसाठी तो नसल्यासारखाच.

खरं आधी सांगितलं तर

बिहार आणि झारखंडमधला एक अभ्यास आपल्याकडच्या वाचकांना जास्त जवळचा वाटेल. दीनदयाल उपाध्याय योजनेच्याच ८६ बॅच आणि जवळपास अडीच हजार प्रशिक्षणार्थी त्यात होते. निम्म्या बॅचना नेहमीचं प्रशिक्षण दिलं. बाकीच्यांना त्यासोबत फक्त दोन जादा बैठका दिल्या. त्यात नोकरी नेमकी कशी असेल, ते सांगितलं.

एवढ्याने फरक पडला. ज्यांना खरी माहिती मिळाली, ते लागलेल्या नोकरीत टिकण्याची शक्यता १७ टक्क्यांनी वाढली. कारण असं की, ज्यांच्या अपेक्षा फार मोठ्या होत्या ते नोकरीवर जाण्याआधीच बाहेर पडले. जे गेले ते समजून-उमजून गेले.

यात गावाकडच्या माणसासाठी मोठी गोष्ट आहे. सोडून आलेल्या पोराला घरचे म्हणतात, 'टिकत नाही, आळशी आहे.' पण त्याला बारा तास उभं राहायचं काम, एका खोलीत सहा जण आणि कापून हातात येणारा पगार, यातलं काहीच आधी सांगितलेलं नसेल, तर दोष त्याचा किती? खरं आधी कळलं असतं तर त्याचे तीन महिने वाचले असते, आणि ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली असती.

पगाराचा हिशोब कागदावर मांडा

'पगार १२ हजार' हे ऐकून हो म्हणायचं नाही. खालचा हिशोब उदाहरणादाखल आहे, आकडे प्रत्येकाने आपापले टाकायचे.

समजा एक जण गावात ४०० रुपये रोजाने महिन्यात १५ दिवस कामाला जातो. महिन्याचे ६,०००. स्वतःच्या जेवणखाण्याचे घरातले २,००० धरले तर बाकीच्यांसाठी ४,००० उरतात.

आता शहरातली नोकरी. पगार १२,०००. पूर्ण पगारावर पीएफ धरला तर १२ टक्क्यांप्रमाणे १,४४० आणि ईएसआयचे ०.७५ टक्क्यांप्रमाणे ९० रुपये कापले जातात. हातात १०,४७०. खोलीचा वाटा २,०००, मेस ३,५००, बस आणि मोबाईल १,२००, गावी येणं-जाणं ७००. एकूण खर्च ७,४००. उरले ३,०७०. म्हणजे गावात उरत होते त्यापेक्षा कमी! पीएफची रक्कम स्वतःच्या खात्यात जमा होते आणि कंपनीही त्यात भर घालते, ही जमेची बाजू. पण घरचा हप्ता पीएफमधून जात नाही.

आता तीच नोकरी, तोच पगार, फक्त राहणं आणि जेवण कंपनीकडून. ५,५०० वाचले, हातात उरले ८,५७०. गावापेक्षा ४,५७० जास्त. तीन महिन्यांच्या निवासी प्रशिक्षणात घराचे दरमहा ४,००० म्हणजे १२,००० बुडाले असतील, तर ते नोकरीच्या तीन महिन्यांच्या आत भरून निघतात.

एकच क्लास, एकच पगार. राहण्या-जेवणाच्या एका प्रश्नावर फायदा की तोटा ते ठरलं.

शहरात जायचं नसेल तर

सगळ्यांनाच गाव सोडून जमत नाही. त्यांच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे 'आरसेटी' आहे. बँकांमार्फत ती जिल्हा पातळीवर चालते. या कल्पनेचं मूळ कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत आहे. शेळीपालन, शिवणकाम, ब्युटी पार्लर, मोबाईल दुरुस्ती, दुग्धव्यवसाय असे कमी दिवसांचे, मोफत आणि निवासी वर्ग इथे असतात. पस्तिशी ओलांडलेल्यांनाही इथे वाव आहे, आणि प्रशिक्षणानंतर दोन वर्षं पाठपुरावा करायचा, असा नियम आहे.

इथे नोकरीचा प्रश्न नसतो, पण पारख तीच. शिकलेल्या किती जणांनी धंदा सुरू केला? किती जणांना बँकेचं कर्ज मिळालं? आणि एकाच गावातल्या वीस बायांनी ब्लाऊज शिवायला सुरुवात केली तर गिऱ्हाईक कुठून येणार? विसावीला काम मिळालं तरी ते पहिलीच्या हातचं गेलेलं असू शकतं. धंद्याचं शिकताना गावात त्याची गरज किती, हे आधी मोजलेलं बरं.

नाव नोंदवण्याआधी हे विचारा

- मागच्या बॅचमध्ये किती जणांनी नाव नोंदवलं, किती पास झाले, आणि आज किती जण कामावर आहेत? तिन्ही आकडे मागा.
- मागच्या बॅचच्या दोन-तीन जणांशी फोनवर बोलायला मिळेल का? त्यातला एक नोकरी सोडून आलेला असावा. तोच खरं सांगेल.
- नोकरी कोणत्या गावात, कोणत्या कंपनीत? कामगार थेट कंपनीचा की ठेकेदाराचा?
- हातात येणारा पगार किती? राहणं-जेवण कोणाकडे? शिफ्ट किती तासांची? बायांसाठी रात्रपाळी आहे का, येण्या-जाण्याची सोय काय?
- सर्टिफिकेट कोण देणार? राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषदेची, म्हणजे एनसीव्हीईटीची, मान्यता आहे का?
- नोकरी लागल्यावर सुरुवातीचे महिने काही भत्ता मिळतो का? दीनदयाल योजनेच्या मूळ नियमांत दरमहा १,००० रुपयांची तरतूद आहे. नोकरी जिल्ह्यात असेल तर दोन महिने, राज्यात तीन आणि राज्याबाहेर सहा महिने.
- क्लास मध्येच सोडावा लागला तर कागदपत्रं परत मिळतील का? मूळ मार्कशीट किंवा मूळ आधार कार्ड कोणाकडेही ठेवायचं नाही.
- नोंदणीसाठी पैसे मागितले तर तिथेच थांबा. योजनेचं प्रशिक्षण मोफत असेल तर 'फॉर्म फी' कसली, ते लेखी मागा.

उत्तरं टाळणाऱ्या क्लासबद्दल यातच बरंच कळतं. ज्याची पोरं खरोखर टिकली आहेत, तो त्यांचे नंबर द्यायला कचरत नाही.

गावानेही हिशोब मागावा

एकट्या माणसाला आकडे मिळत नाहीत, पण गावाला मिळू शकतात. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आणि 'उमेद'चा तालुका कक्ष इथे चौकशी करता येते. तिथून नीट उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. अर्जाला १० रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही साधारण १५० शब्दांत मांडायचा असतो. कोणाचं नाव-गाव मागायची गरज नाही, फक्त आकडे मागायचे: तालुक्यात मागच्या तीन वर्षांत या योजनेत किती जणांची नोंदणी झाली, किती जणांना सर्टिफिकेट मिळालं, किती जणांना नोकरी लागली, आणि तीन महिन्यांनंतर किती जण टिकल्याची नोंद आहे.

ग्रामसभेलाही एक काम सहज करता येईल. गावातून जे जे कोणी प्रशिक्षणाला गेले, त्यांची वही ठेवायची. जाण्याआधी काय कमावत होता, सहा महिन्यांनी काय, वर्षाने काय. आणि त्याच वेळी गेले नाहीत अशा चार-पाच सारख्या घरांचीही नोंद, म्हणजे खताविना ठेवलेला पट्टा. दोन-तीन वर्षांची अशी वही असेल, तर पुढच्या वेळी ग्रुपवर '१०० टक्के हमी'चा मेसेज आला की काय करायचं, हे गावाला स्वतःच्याच आकड्यांवरून ठरवता येईल.